बघायचे खेळणे, चोखायचे खेळणे

श्रावण अमावास्येला पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद प्रतिपदेला, चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांत तान्हा पोळा भरतो. आदल्या दिवशी शेतकऱ्यांनी खरे बैल सजवून तोरणाखाली उभे केलेले असतात. आज पाळी मुलांची. कुणाचा नंदी वीतभर, कुणाचा गुडघ्याएवढा, तर एखाद्या हौशी घरचा चार माणसांनी उचलावा लागणारा. चाकांवरच्या या लाकडी नंदींची चौकात रांग लागते. पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळ, शिंगांना बेगड. परीक्षक रांगेतून फिरतात, बक्षिसे ठरतात आणि मग मुले दोरी ओढत घरोघरी बोजारा मागायला निघतात.

या रांगेच्या टोकाला हमखास एक आजी उभी असते आणि तिच्या कडेवर आठ-दहा महिन्यांचे बाळ. त्याला स्पर्धेत रस नसतो. हातात आलेल्या छोट्या नंदीचे शिंग ते सरळ तोंडात घालते. शिंगाचा ताजा लाल रंग ओठांना लागतो. आजी पदराने तोंड पुसते, हसते आणि नंदी पुन्हा बाळाच्या हातात देते.

मोठ्यांनी नंदी रंगवलेला असतो तो डोळ्यांसाठी. बाळ मात्र तो जिभेने बघते. खेळण्यांच्या बाबतीत बहुतेक चुका या एका फरकाकडे दुर्लक्ष झाल्याने होतात. बघायचे खेळणे वेगळे आणि चोखायचे खेळणे वेगळे, एवढे घरात ठरले तरी पुष्कळ धोके उंबऱ्याबाहेर राहतात. हा फरक समजून घ्यायला नंदीच्या जोडीला आणखी एक खेळणे उपयोगी पडते. ते म्हणजे पिवळे रबरी बदक.

संग्रहालयातले बदक, बादलीतले बदक

झाडीपट्टीच्या मामा तलावांवर खरी बदके पिढ्यान्‌पिढ्या दिसत आली आहेत. रबरी बदक मात्र बाजारातून आले. चंद्रपूरची महाकालीची यात्रा असो की वैनगंगेकाठची मार्कंड्याची, अशा जत्रांतल्या खेळण्यांच्या दुकानांत दाबल्यावर पीं-पीं वाजणारी मऊ खेळणी टांगलेली असतात. त्यांतले एखादे बदक घरी येते आणि बाळाच्या आंघोळीच्या बादलीत तरंगू लागते.

जगभर या बदकाचे कौतुक मोठे आहे. १९४०च्या दशकात पीटर गनीन या शिल्पकाराने तरंगणारे बदक घडवून त्याचे पेटंट घेतले. अमेरिकेत रोचेस्टर शहरात खेळ आणि खेळणी यांना वाहिलेले ‘द स्ट्राँग’ हे संग्रहालय आहे. तिथल्या मानाच्या खेळण्यांच्या दालनात २०१३ साली रबरी बदकाला जागा मिळाली, तीही बुद्धिबळाच्या बरोबरीने. हौशी लोक तऱ्हेतऱ्हेची बदके जमवतात. ५,६३१ बदकांच्या एका खासगी संग्रहाची गिनीजने २०११ साली विक्रम म्हणून नोंद केली. टोपी घातलेली, चष्मा लावलेली, डॉक्टर, शिपाई, राजा अशा वेषांतली ही बदके काचेच्या कपाटात शोभतात. तिथे ती कुणी चोखत नाही. त्यामुळे ती कशाची केली आहेत आणि आत काय साचले आहे, याची चिंताही कुणाला करावी लागत नाही.

बादलीतल्या बदकाची गोष्ट निराळी. ते रोज ओले होते आणि रोज तोंडात जाते.

तोंड हे बाळाचे पहिले बोट

चौथ्या-पाचव्या महिन्यापासून बाळ हाताला येईल ते तोंडात घालू लागते. दुसऱ्या वर्षात हे प्रमाण कमी होत जाते, पण काही मुलांत ते त्यानंतरही काही काळ टिकते. घरचे त्याला ‘घाणेरडी सवय’ म्हणतात, कधी ‘दात येत आहेत’ म्हणून सोडून देतात. खरे तर हा वाढीचाच भाग आहे. या वयात ओठ आणि जीभ यांना स्पर्शाची जाण बोटांपेक्षा चांगली असते. वस्तू कठीण की मऊ, गार की कोमट, गोल की टोकदार, हे बाळ तोंडाने शिकते. त्यामुळे त्याला रागावून काही साधत नाही. ते चोखणारच, हे धरून वस्तू निवडणे हे मोठ्यांचे काम आहे.

ही निवड करताना चार गोष्टी पाहाव्या लागतात. खेळण्याच्या आत काय साचते, ते कशाचे बनले आहे, त्यावर कोणता रंग आहे आणि त्याचा कोणता भाग सुटून घशात जाऊ शकतो.

पोटात साचलेले पाणी

बदकाच्या बुडाशी बारीक भोक असते. दाबले की त्यातून हवा बाहेर जाते, सोडले की पाणी आत शिरते. हे पाणी पूर्ण कधीच निघत नाही. आतला भाग ओला, कोमट आणि अंधारा राहतो. त्यात साबणाचा अंश, अंगाचा मळ आणि लघवीचे थेंब मिसळतात. जंतूंना याहून सोयीचे घर मिळणे कठीण.

स्वित्झर्लंडमधील जलसंशोधन संस्था आणि अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठ यांच्या शास्त्रज्ञांनी घरोघरी वापरलेली अशी खेळणी कापून पाहिली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रत्येक खेळण्याच्या आत जंतूंचा बुळबुळीत थर आढळला. एका चौरस सेंटिमीटर जागेत ५० लाखांपासून साडेसात कोटींपर्यंत जंतुपेशी होत्या. निम्म्याहून अधिक खेळण्यांत बुरशी होती, तर ८० टक्के खेळण्यांत आजार निर्माण करू शकणाऱ्या जातींचे जंतू होते. स्वस्त मऊ प्लास्टिकमधून पाण्यात उतरणारे कार्बनयुक्त पदार्थ हेच या जंतूंचे खाद्य ठरते, हेही त्यात दिसले. म्हणजे पाणी स्वच्छ असले तरी खेळणे स्वतःच जंतूंना पोसत असते.

याचा अर्थ प्रत्येक बदक बाळाला आजारी पाडते, असा नाही. निरोगी मुलाचे शरीर पुष्कळ जंतू पचवते. पण बदक दाबल्यावर ती पिचकारी डोळ्यांत, कानांत किंवा तोंडात उडाली, तर संसर्ग होऊ शकतो. ऑस्ट्रेलियातील एका रुग्णालयात कॅन्सर झालेल्या मुलांच्या वॉर्डात औषधांना दाद न देणाऱ्या स्यूडोमोनास जंतूंचा संसर्ग पसरला. त्याचा माग काढताना संशयाची सुई पाणी साठवणाऱ्या आंघोळीच्या खेळण्यांपर्यंत पोहोचली, अशी नोंद १९९८ सालच्या वैद्यकीय नियतकालिकात आहे. ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच खालावलेली आहे, त्या मुलांना असा धोका अधिक. तीव्र कुपोषित बाळ याच गटात मोडते, आणि आपल्या भागासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे.

उपाय सोपा आहे. पाण्यात खेळायचे तर भोक नसलेले खेळणे घ्यावे. जानेवारी १९९२ मध्ये हाँगकाँगहून अमेरिकेला निघालेल्या एका जहाजावरून वादळात काही कंटेनर प्रशांत महासागरात पडले. त्यांतल्या एका कंटेनरमध्ये बदक, बेडूक, कासव आणि बीव्हर अशी आंघोळीची २८,८०० प्लास्टिक खेळणी होती. ती सुटली आणि लाटांवर निघाली. सुमारे दहा महिन्यांनी त्यांतली पहिली खेळणी अलास्काच्या किनाऱ्याला लागली. समुद्रप्रवाहांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना त्यांच्यामुळे आयता प्रयोग मिळाला. ती इतके महिने तरंगू शकली, कारण त्यांना भोक नव्हते. आत पाणी शिरलेच नाही.

घरी भोकाचे बदक असेल तर प्रत्येक आंघोळीनंतर ते पिळून कोरड्या, हवेशीर जागी उलटे ठेवावे. दाबल्यावर काळे ठिपके किंवा बुळबुळीत पाणी बाहेर आले, तर ते धूत बसण्यात अर्थ नाही. उकळूनही आतला थर सहजी सुटत नाही. असे खेळणे सरळ टाकून द्यावे. पाण्यात तरंगायला स्वयंपाकघरातली घासलेली वाटी पुरेशी असते. तिचा आतला-बाहेरचा भाग डोळ्यांना दिसतो, हाच तिचा मोठा गुण.

नाव रबराचे, अंग प्लास्टिकचे

आजची बहुतेक ‘रबरी’ खेळणी रबराची नसतात. ती पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकची असतात. पीव्हीसी मूळचे कडक. नळाचे पाइप त्याचेच असतात. त्याला मऊ करायला जी रसायने घालतात, त्यांतला एक मोठा गट थॅलेट्सचा. ही रसायने प्लास्टिकला घट्ट बांधलेली नसतात. चोखताना, चावताना ती लाळेत उतरतात. त्यांतली काही शरीरातील संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात, असे आढळल्याने युरोप आणि अमेरिकेने मुलांच्या खेळण्यांत त्यांच्या प्रमाणावर बंधने घातली. अमेरिकेच्या २००८ सालच्या कायद्यात ही मर्यादा ०.१ टक्का आहे.

भारतातही आता नियम आहे. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. हे चिन्ह असलेल्या खेळण्याची धारदार कडा, सुटे भाग, पेट घेण्याची शक्यता, जड धातू अशा कसोट्यांवर तपासणी झालेली असते. चिन्हाजवळ ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की परवाना खरा की खोटा ते कळते. जत्रेत प्लास्टिकच्या पिशवीत सुटे मिळणाऱ्या खेळण्यावर बहुधा यातले काहीच नसते. अशा वेळी नाकाची मदत घ्यावी. नव्या खेळण्याला तीव्र रासायनिक वास येत असेल, हाताला चिकट लागत असेल किंवा ओल्या फडक्याने पुसल्यावर रंग उतरत असेल, तर ते बाळासाठी घेऊ नये. मात्र वास आला नाही म्हणजे खेळणे निर्धोक आहे, असेही समजू नये.

रंगातले शिसे आणि रक्तातले लोह

आता पुन्हा नंदीकडे. सागाचे किंवा इतर लाकूड तासून, कानशीने घासून वाढई नंदी घडवतो. लाकूड बाळाला अपाय करत नाही. काळजी आहे ती वरच्या रंगाची. ऑइलपेंटच्या पिवळ्या, नारिंगी, लाल आणि हिरव्या छटा झळाळाव्यात म्हणून त्यांत वर्षानुवर्षे शिशाची संयुगे वापरली गेली. लेड क्रोमेट हा त्यांतला चमकदार पिवळा. नंदीची शिंगे, झूल आणि खूर रंगवायला हेच रंग लागतात.

शिशाची शरीराला कणभरही गरज नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातील शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही पातळी ठाऊक नाही. पोटात गेलेल्या शिशापैकी जितका वाटा मोठ्या माणसाच्या रक्तात उतरतो, त्याच्या चार ते पाच पट वाटा लहान मुलाच्या रक्तात उतरू शकतो. तिथून ते मेंदूत पोहोचते आणि हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते. परिणाम हळूहळू दिसतात. मूल चिडचिडे होते, लक्ष टिकत नाही, बोलायला आणि शिकायला उशीर होतो. पोटदुखी, बद्धकोष्ठता, भूक न लागणे, चेहरा पांढुरका पडणे ही लक्षणे दिसली तर घरचे जंतांचे औषध देतात. शिशाची शंका कुणाला येत नाही आणि रक्तातील शिशाची तपासणी गावपातळीवर होत नाही. मेंदूचे एकदा झालेले नुकसान औषधाने भरून येत नाही. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ या संस्थांच्या २०२० सालच्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे. त्यांतली साडेसत्तावीस कोटी मुले भारतातली आहेत. हे शिसे केवळ खेळण्यांतून येत नाही. जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे उद्योग, भेसळीचे मसाले, काही भांडी हेही त्याचे मोठे मार्ग आहेत. पण बाळ दिवसातून वीसदा जे तोंडात घालते, ते तरी आपल्या हातात आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीसाठी यात आणखी एक गोम आहे. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असले की आतडे शिसे अधिक शोषून घेते. लोहासाठी उघडलेल्या वाटेनेच शिसे आत शिरते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिन्यांच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे तीनपैकी दोन मुले. शिसे स्वतःही रक्त तयार होण्याच्या प्रक्रियेत अडथळा आणते. त्यामुळे आधीच फिकट असलेले मूल अधिक फिकट होते. चांगले जेवणारे आणि अर्धपोटी अशी दोन मुले एकच नंदी चोखत असतील, तर अर्धपोटी मुलाला त्याची किंमत जास्त मोजावी लागते.

म्हणून शिशापासून बचावाची सुरुवात ताटापासून होते. डाळी, हिरव्या भाज्या, अंडी, मांस यांतून लोह मिळते. दूध, नाचणी आणि काट्यासकट खाल्ले जाणारे तलावातले लहान मासे यांतून कॅल्शियम मिळते. काट्यासकट मासे अर्थातच चावून खाणाऱ्या मोठ्या मुलांसाठी. तान्ह्यासाठी काटे काढूनच द्यावेत. सहा महिन्यांपुढच्या मुलांना आशाताईंकडून मिळणारे लोह आणि फॉलिक ॲसिडचे सिरप आठवड्यातून दोनदा, दर वेळी १ मिली, न चुकता द्यावे. मूल सिकलसेलचे रुग्ण असेल तर लोहाचे औषध डॉक्टरांना विचारूनच द्यावे.

रंगाबाबत कायदा स्पष्ट आहे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून देशात लागू आहे. डब्यावर तसा उल्लेख असावा लागतो. मात्र यंत्रे, वाहने, लोखंडी फाटके यांसाठीचे औद्योगिक रंग या नियमात येत नाहीत. तेव्हा वाढईला विचारायचा प्रश्न सोपा आहे. “दादा, रंगाचा डबा दाखवता का?” डबा जुना, लेबल नसलेला किंवा औद्योगिक वापराचा असेल, तर त्याच वाढईकडून कोऱ्या लाकडाचा नंदी घ्यावा. हातकारागीर म्हणून नोंद असलेल्यांना आयएसआय चिन्हातून सूट आहे. त्यामुळे गावातल्या नंदीवर चिन्ह नसले तर त्यात काही वावगे नाही. पण मग रंगाची चौकशी करणे घेणाऱ्यावर येते. तुकडे सुटून फास जाणार नाही इतके गुळगुळीत घासलेले लाकूड रंगाविनाही देखणे दिसते. बांबूच्या खेळण्यांनाही हेच लागू. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूकामाचे प्रशिक्षण दिले जाते, गावोगावी बुरुडकाम चालते. कडा नीट घासलेला बांबू कोणत्याही भडक प्लास्टिकपेक्षा बरा.

आणि आजोबांच्या काळचा नंदी? अनेक घरांत तो दरवर्षी नव्याने रंगवला जातो. त्याच्या अंगावर रंगाचे थरावर थर असतात आणि सर्वांत आतले थर नियम येण्याआधीचे असतात. त्याला फेकण्याची गरज नाही. तो बघायचा नंदी. तान्ह्या पोळ्याला त्याची पूजा करावी, रांगेत उभा करावा आणि पुन्हा फळीवर ठेवावा. पोपडे सुटत असतील तर ओल्या फडक्याने टिपून घ्यावेत. घरात कोरड्या कागदाने घासू नये. तसे केल्यास शिशाची धूळ जमिनीवर बसते आणि रांगणाऱ्या बाळाच्या हातांवाटे त्याच्या तोंडात जाते.

घशात अडकणारे तुकडे

बदकाच्या बुडातली शिट्टी, नंदीच्या गळ्यातला घुंगरू, चाकाचा खिळा, डोळ्याचा मणी. तीन वर्षांखालील मुलासाठी यांतला प्रत्येक तुकडा धोक्याचा. सुमारे तीन सेंटिमीटर रुंद नळीत जी वस्तू मावते, ती बाळाच्या घशात अडकू शकते. खेळणे देण्याआधी प्रत्येक भाग ओढून पाहावा. घुंगुरमाळ मिरवणुकीपुरती बांधावी आणि नंतर काढून ठेवावी. मुलाला ठसका लागून श्वास अडला तर न दिसणारी वस्तू काढण्यासाठी घशात बोट घालू नये, ती अधिक आत जाते. एक वर्षाखालील बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे आणि पाठीवर खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच ठोसे द्यावेत. वस्तू निघाली नाही तर उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाब द्यावा. मदत मिळेपर्यंत हे आलटून पालटून चालू ठेवावे.

सर्वांत घातक ते गाणारे, दिवे लागणारे खेळणे. त्यातली बटणाएवढी चपटी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर ओल्या पेशींतून वीज वाहू लागते, तिथे क्षार तयार होतो आणि दोन तासांत खोल भाजल्यासारखी जखम होऊ शकते. शहरात दोन तास पुरतात. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून दूर आहे आणि पोळ्याच्या दिवसांत पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद पडतो. ज्या गावातून दोन तासांत एक्स-रेपर्यंत पोहोचता येत नाही, त्या गावात असे खेळणे बाळाच्या हाती न देणे हाच उपचार. बॅटरीचा कप्पा स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणे घरात आणूच नये. बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नये, वाट पाहू नये, लगेच एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात निघावे.

खेळणे हे औषधही आहे

हे सारे वाचून कुणी घरातली खेळणी उचलून माळ्यावर टाकली, तर बाळाचे त्याहून मोठे नुकसान होईल. तीव्र कुपोषित बालकाच्या उपचाराचे जागतिक आरोग्य संघटनेने दहा टप्पे सांगितले आहेत. साखर, ऊब, पाणी, क्षार, प्रतिजैविके, आहार यांच्याबरोबर नववा टप्पा आहे बालकाला खेळवण्याचा आणि माया देण्याचा. रोज १५ ते ३० मिनिटे ठरवून खेळ घ्यावा, असे त्यात म्हटले आहे. अन्नाने वजन वाढते, पण मेंदूच्या पेशींची जुळणी होण्यासाठी कुणीतरी बाळाशी बोलावे, हसावे, खेळावे लागते.

याचा पुरावा जमैका बेटावरून आला. तिथल्या किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये वयाच्या मानाने उंची खुंटलेल्या १२९ मुलांवर अभ्यास सुरू झाला. काहींना पूरक आहार मिळाला. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास जाऊन आईला बाळाशी कसे खेळावे ते दाखवत. काहींना दोन्ही मिळाले, काहींना काहीच नाही. खेळणी घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून केलेली होती. दोन वर्षांनी कार्यक्रम संपला. सुमारे वीस वर्षांनी हीच मुले मोठी होऊन कमावती झाली, तेव्हा ज्यांच्या घरी खेळ पोहोचला होता त्यांची कमाई इतरांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक निघाली. नुसत्या पूरक आहाराचा फायदा इतका टिकला नव्हता. महागडे खेळणे यात कुठेच नव्हते. आठवड्याला एक तास आणि आईला दिलेला विश्वास, एवढीच ती सामग्री.

कुपोषित मुलांसाठी संघटनेने घरी करता येतील अशा खेळण्यांची यादीही दिली आहे. दोऱ्यात ओवलेल्या गोल वस्तू, डबा आणि झाकणे, एकात एक बसणारी भांडी, खुळखुळा, कापडी बाहुली. आणि त्याच यादीत आहे दोरीने ओढायची चाकांची गाडी. चालू लागलेले मूल मागे वळून पाहत ती ओढते तेव्हा तोल, दिशा आणि ‘मी ओढले म्हणून ते आले’ हे कारण-परिणामाचे नाते एकदम शिकते. विदर्भातल्या मुलांच्या हाती हे खेळणे तान्ह्या पोळ्याने कधीच दिले आहे.

सध्या आशाताई बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात. आहार, लसीकरण यांबरोबर खेळ आणि संवाद हाही त्या भेटीचा विषय आहे. वजन झाल्यावर एवढे विचारावे, “ताई, या वयात याच्याशी काय खेळू?” अंगणवाडीतही हाच प्रश्न विचारता येतो. मोबाइल हे मात्र त्याचे उत्तर नव्हे. दोन वर्षांखालील मुलाला पडदा नकोच, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे.

तान्ह्या पोळ्याच्या मंडळांनाही यात करण्यासारखे आहे. सर्वांत मोठ्या, सर्वांत सजलेल्या नंदीला बक्षीस असतेच. यंदा आणखी एक बक्षीस ठेवावे, कोऱ्या लाकडाच्या, गुळगुळीत घासलेल्या, सुटा भाग नसलेल्या नंदीसाठी. वाढई पुढच्या वर्षी तसे दहा घडवून आणील. मोठा रंगीत नंदी रांगेत मिरवू द्यावा आणि आजीच्या कडेवरच्या बाळाच्या हाती हा कोरा नंदी द्यावा. शिंग तोंडात घालायचे तर खुशाल घालू द्यावे. घरी गेल्यावर तो धुवून, पुसून, उन्हात वाळवून पुन्हा त्याच्यापाशी ठेवावा आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसून दोरी थोडी ओढून दाखवावी.